सोसण्याचं कौतुक पुरे

मुकाट्याने सोसलं की माणूस कणखर होतो, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. मी समलिंगी आहे हे कोल्हापूरला घरी ठाऊक नव्हतं, बेंगळुरूला मारतहळ्ळीच्या ऑफिसात ठाऊक नव्हतं, आणि तरी नोकरी, बढती, फ्लॅट सगळं नीट झालं. बेंगळुरूत 1994 पासून 'गुड अ‍ॅज यू' हा आमच्यासारख्यांचा गट आहे. तिथे जाऊन मन मोकळं करणारे मला हळवे वाटायचे. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला 377 कलमाच्या कचाट्यातून सोडवलं, तेव्हा तर म्हटलं, आता कसला ताण?

पुढे रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. घराण्यातच आहे तो, सगळा दोष मनावर ढकलणार नाही. पण 'घरी काही टेन्शन?' असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी सराईतपणे 'छे' म्हणालो. जोडीदार बाहेर बाकावर 'मित्र' म्हणून बसला होता.

आई राणी चन्नम्मा एक्सप्रेसने यायची असली की आदल्या रात्री आमची लगबग. फोटो कपाटात, कपडे वेगवेगळे, दुसऱ्या खोलीतला पलंग वापरातला दिसावा म्हणून चादर चुरगाळायची. मग ती असेपर्यंत बोलताना 'आम्ही' गिळायचं. याला मी ताण म्हणतच नव्हतो.

इलान मेयर या संशोधकाने 2003 साली हेच मांडलं होतं. छळ आणि भेदभाव घातक आहेतच. पण ते कधी वाट्याला येतील याची धास्ती, लपवाछपवी आणि स्वतःविषयी मनात भिनलेला तिटकाराही माणसाला पोखरतो. आणि तगून राहायला बळ मिळतं ते आपल्यासारख्यांच्या सोबतीतून. मुंबईचा 'हमसफर', पुण्याचा 'समपथिक' या संस्थांचं काम मला एड्सपुरतं वाटायचं. अशा ठिकाणी चार जण नुसते गप्पा मारत बसतात तेही आरोग्याचंच काम आहे, असं आता मी ठामपणे म्हणतो.

घरी सांगाच, असा आग्रह मात्र मी धरणार नाही. बळजबरीने लग्न लावलेली, घराबाहेर काढलेली मुलं-मुली आता मीही जातो त्या गटात भेटतात. आईला मीही अजून सांगितलेलं नाही. पण डॉक्टर तरी असा हवा, ज्याच्याशी खोटं बोलावं लागत नाही. लैंगिक कल 'बदलून देणारे' उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवलेत, त्यामुळे असा उपचार कुणी सुचवलाच तर सरळ उठून यावं. माझ्या नव्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, झोपेबद्दल विचारलं आणि पुढच्या वेळी दोघांनाही आत बोलावलं.