आधी तिचे ताट वाढा

"पोरगी आईवर गेलीय, बुटकीच राहणार!" असा निकाल आपल्याकडे बारशालाच लागतो. उंची बरीचशी आईवडिलांकडून येते हे खरे, पण सगळी नाही. मी मराठी शिकवते. तरी घरात वाढत्या वयाची मुलगी असल्याने आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकांकडून हा विषय समजून घेतला.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती वाढीचे संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, सोडते. विशेषतः रात्रीच्या गाढ झोपेत. त्याचा निरोप मिळाला की यकृत 'आयजीएफ-१' हे दुसरे संप्रेरक तयार करते आणि हाडे लांब होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मेख आहे ती इथेच. पुरेसे अन्न आणि प्रथिने नसतील तर यकृत तो निरोप मनावर घेत नाही. म्हणून कुपोषित मुलांच्या रक्तात वाढीचे संप्रेरक बरेचदा भरपूर सापडते, पण आयजीएफ-१ कमी! शरीर आधी जीव सांभाळते, उंचीचे नंतर पाहते. वयात आल्यावर हाडांची वाढणारी टोके एकदा जुळली, की मग कितीही खाल्ले तरी उंची वाढत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण कर्नाटकात ३५.४ टक्के, तर महाराष्ट्रात ३५.२ टक्के होते. सीमेवरून आपण इतकी वर्षे भांडतो आहोत. या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखीच परिस्थिती. वारंवार होणारे जुलाब हेही खुरटण्याचे एक कारण. पण सुरुवात आईच्या पोटापासून होते. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस सर्वांत मोलाचे.

माझे माहेर मराठी, सासर कानडी. इकडची भाकरी तिकडे रोट्टी होते, पण बाईने सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खायचे ही रीत दोन्हीकडे एकच. दारात कोणीही आले तरी "ऊट आयता?" विचारणाऱ्या माझ्या सासूबाई स्वतः मात्र शेवटी जेवत. पण मला दिवस गेले तेव्हा त्यांनीच मला पहिल्या पंगतीला बसवले. रोट्टी, मटकीची उसळ, वाटीभर दही, शेंगदाण्याची चटणी. कोणी नाक मुरडले, तर म्हणाल्या, "दोघांचं जेवण आहे ते."

महागड्या पावडरीच्या डब्यांपेक्षा हे वाक्य मला मोलाचे वाटते. मैत्रिणींनो, घरात गरोदर सून किंवा वयात येणारी लेक असेल, तर आज रात्री पहिले ताट तिचे वाढा.