टॉवेलची गुंडाळी

आमच्या घरात टॉवेल कधी विकत आणावा लागला नाही. वडील सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. विणताना डाग पडलेला, काठ वाकडा गेलेला, एखाद्या कोपऱ्यात झालर उसवलेला माल स्वस्तात घरी यायचा. अंग पुसायला टर्किश, पोळ्या गुंडाळायला टर्किश, पाहुण्याच्या उशीवर टर्किश. त्यामुळे गुडघ्याखाली ठेवायचा टॉवेल हा माझ्या आयुष्यात शिरला तेव्हा मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

गुडघ्याच्याही आधी घोटा आला. सातवीत असताना पाय मुरगळला आणि शेजारच्या पद्मशाली आजींनी तो ताब्यात घेतला. आंबेहळद आणि तुरटी उगाळून गरम लेप, त्यावर जुन्या टॉवेलची पट्टी आणि दोन दिवसांनी पट्टी सोडून खोबरेल तेलाचा हात. त्या मोजून चोळायच्या. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आई शेजारी बसून हसायची आणि त्यांच्यामागून म्हणायची. तेलुगू आकडे आमच्या घरात असे घोट्यातून आले. आठव्या दिवशी मी पुन्हा मैदानावर होते. मुरगळलेला पाय म्हणजे आठ दिवस, हा हिशेब तेव्हाच डोक्यात बसला आणि पुढे त्यानेच घात केला.

मी खो-खो खेळायचे. बसायचे कमी, पळायचे जास्त. पाठलाग करणाऱ्या गड्याने एकदा दिशा घेतली की त्याला खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र कुठेही वळायची मुभा. या एका नियमावर आम्ही पळणारे जगतो. साखळी पळताना बसलेल्या आठ जणांच्या मधून शिवण घालावी तसं आत-बाहेर जायचं, खांद्याने हूल द्यायची, एका दिशेला जातोय असं भासवायचं आणि पाय रोवून दुसरीकडे निसटायचं. सगळी कला त्या रोवलेल्या पायात.

१९८८च्या डिसेंबरात, अकरावीत, मी सोलापूरच्या पार्क मैदानावर उजवा पाय रोवला आणि डावीकडे वळले. मी वळले, पाय वळला नाही. आत टक् असा आवाज झाला. मला कोणी हातही लावला नव्हता. पंचांना वाटलं मी नाटक करतेय, कारण आमची वेळ संपायला थोडाच अवधी होता. खरं सांगायचं तर तशी नाटकं मी आधी केली होती.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं, सहा आठवडे. ज्या दिवशी ते कापलं त्या दिवशी आतून निघालेला पाय माझा नव्हता. पांढुरका, लव वाढलेला, मांडी मनगटासारखी. डॉक्टरांनी तो वाकवून पाहिला, ठीक आहे म्हणाले आणि खेळ बंद, जिने जपून, असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यांना दोष देऊन काय करू? आत काय तुटलंय ते एक्स-रेत दिसणारं नव्हतं. पण त्या मांडीचं काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पद्मशाली आजी तेल घेऊन आल्या. पण तुटलेली गोष्ट त्यांच्या बोटांच्या पल्याड, सांध्याच्या पोटात होती.

पुढची अठरा वर्षं मी गुडघ्याला सांभाळून घेतलं, आपण तापट मोठ्या भावाला सांभाळून घेतो तसं. तो केव्हा सटकेल त्याचा नेम नव्हता. बसच्या पायरीवर सटकायचा. ओल्या फरशीवर सटकायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या मंगळागौरीला फुगडी घालताना सटकला आणि मी नणंदेला घेऊन पाटांच्या ढिगावर पडले. सासरी ही गोष्ट अजून दर श्रावणात सांगितली जाते. मी हसते. फुगडी मात्र त्या वर्षांत पुन्हा घातली नाही. पंगतीत कडेला बसायचं, प्रवासात आधी संडास कोणता ते बघायचं, गर्दीत उजवी बाजू भिंतीकडे ठेवायची. या सवयी इतक्या अंगवळणी पडल्या की त्या दुखापतीच्या आहेत हेच विसरून गेले. लोक म्हणायचे, तुझी चाल डौलदार आहे. डौल कसला, भीती होती ती.

२००६मध्ये पुण्यात बसमधून उतरताना गुडघा नुसता सटकला नाही, अडकला. वाकेना, सरळ होईना. एमआरआयमध्ये अठरा वर्षांपूर्वीचा तो टक् अखेर दिसला. मांडीचं आणि नळीचं हाड एकमेकांवरून घसरू नये म्हणून गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे आडवेतिडवे असतात. त्यातला पुढचा, साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटरांचा, माझ्याकडे नव्हताच. एवढी वर्षं त्याच्याशिवाय मांडीचे स्नायूच जमेल तसं धरून होते आणि त्यांना बळ द्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं. रोज घसरून घसरून आतली गादीही फाटली होती. ही दुखापत बहुतेक वेळा धक्का न लागता, एकट्याने वळताना किंवा उडी मारून उतरताना होते आणि मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, हे मला पस्तिशीच्या उंबऱ्यावर कळलं. पार्क मैदानावरच्या त्या पंचांना कळवावंसं वाटलं.

मांडीच्या मागच्या बाजूचे दोर काढून त्यांचा नवा अस्थिबंध केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओ आली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, साताऱ्याची. तिने माझ्याच पिशवीतला टॉवेल काढला, घट्ट गुंडाळी केली, गुडघ्याखाली सरकवली आणि म्हणाली, "ताई, ही गुंडाळी गुडघ्याने खाली दाबा. दहा मोजेपर्यंत धरून ठेवा."

मला हसू आलं. एके काळी नऊ नऊ मिनिटांच्या डावात पळणाऱ्या बाईला हा व्यायाम? मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. टाच हलली, पोट आवळलं, दात आवळले, कपाळावर घाम आला. मांडी पोळ्यांच्या कणकेसारखी पडून होती. हुकूम निघत होता आणि पोचत नव्हता. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

तिने समजावलं की सांध्यात पाणी साठलं, सूज आली की शरीर त्या सांध्याभोवतीच्या स्नायूची वीज स्वतःच तोडतं. स्नायू मेलेला नसतो, नसही तुटलेली नसते. मला पटेना. पटवलं ते वडिलांनी. भेटायला आले होते, खाटेच्या कडेला बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "अगं, बाण्याचा दोरा तुटला की माग आपोआप थांबतो. मोटर चांगली असते, पट्टा चांगला असतो. नवीन पोरगं घाबरून मिस्त्रीला बोलवायला धावतं. दोरा जोडायचा आणि दांडा ओढायचा, बस."

तिसऱ्या दिवशी दुपारी, फिजिओचा तळवा मांडीवर असताना, गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला काहीतरी फडफडलं. झाकलेल्या वाटीखाली पाकोळी हलावी एवढंच. तिला माझ्याआधी कळलं. त्या फडफडीवर कोणी खो दिला नाही, टाळी वाजली नाही. दर तासाला दहा वेळा दाबायचं, दहा मोजायचं. इतकं कंटाळवाणं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि मी लेखा विभागातली कारकून आहे, हे लक्षात घ्या.

लोक भेटायला यायचे ते गोष्टी घेऊन यायचे. सगळ्यांची आवडती गोष्ट मुरलीकांत पेटकरांची. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला आपल्या सांगली भागातला जवान, उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्ण घेऊन आला, ३७.३३ सेकंदांत. थोर माणूस, प्रश्नच नाही. पण खाटेवर पडलेल्याला हे ऐकवू नये. आमच्यासारख्यांच्या सगळ्या खटपटीच्या टोकाला पदक नसतं, संडासात धड बसता येणं असतं. आणि पेटकरांनाही ते ३७ सेकंद आधी कितीतरी कंटाळवाण्या सकाळी पाण्यात घालवूनच मिळाले असतील. त्या सकाळींची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

आठव्या आठवड्यात मला एकदम बरं वाटायला लागलं. कुबड्या गेल्या, सूज गेली. रिक्षा निघून चालली होती म्हणून मी चार पावलं पळाले आणि मोठ्या कौतुकाने फिजिओला सांगितलं. ती पांढरीफटक पडली. काढून बसवलेल्या दोराला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरेपर्यंत तो मजबूत व्हायच्या आधी कच्चा होतो. तिने कॅलेंडरवर बोट ठेवलं. म्हणजे माणसाला सगळ्यात बरं वाटतं तेव्हाच आतला दोर सगळ्यात नाजूक असतो. आठ दिवसांचा तो जुना हिशेब तिथे कायमचा मोडला. खेळाडूंनासुद्धा मैदानावर परतायला निदान नऊ महिने थांबवतात, असं ती म्हणाली. फोनवर आई म्हणाली, "नऊच ना? मग त्यात काय विशेष. मी तीनदा काढलेत."

दर पंधरवड्याला फिजिओ टेप काढायची. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरांवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजायची. पहिल्यांदा उजवी डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरांनी बारीक होती. मग तीन. मग महिनाभर तीनच. मी शिंपिणीकडे इतक्या आशेने कधी पाहिलं नसेल. एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून उभं राहायचं, पायरीवरून सावकाश उतरायचं. उडी मारायला शिकायच्या आधी तिने मला उतरायला शिकवलं. गुडघा आत कलू न देता, आवाज न करता. सोळाव्या वर्षी हे कुणी शिकवलं असतं तर, हा विचार मनात येतोच. तो आला की मी टॉवेल दाबते.

मैदानावर मी परत गेले नाही. पुढच्या श्रावणात फुगडी घातली. नणंद हात द्यायला तयार नव्हती.

आता आईची पाळी. २०२४च्या डिसेंबरात सत्त्याहत्तराव्या वर्षी तिचा डावा गुडघा बदलला. घरी येणारा फिजिओ पोरगेला आहे. त्याने टॉवेल मागितला तेव्हा मी कपाटातून वडिलांच्या कारखान्यातला शेवटचा, वाकड्या काठाचा काढला. वडील जाऊन सहा वर्षं झाली. धुऊन धुऊन झालर बसलीय, पण गुंडाळी अजून घट्ट होते. "आजी, दाबा," तो म्हणतो आणि आई पोट आवळते, दात आवळते, टाच हलवते. मी काही बोलत नाही. मांडीवर तळवा ठेवून बसते.

१९ जानेवारीला, रविवारी, टीव्हीवर दिल्लीहून खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना लागला होता. आपल्या पोरी नेपाळविरुद्ध, कर्णधार प्रियांका इंगळे. आईचं पहिलं म्हणणं, "धूळच उडत नाही की. हा कसला खो-खो?" मॅटवर, बूट घालून, दिव्यांच्या झगमगाटात पोरी साखळी पळत होत्या. प्रत्येक वेळी कुणी पाय रोवला की माझा श्वास अडकायचा. गुण वाढत गेले. शेवटी ७८–४० झाले.

सामना चालू असतानाच मी म्हटलं, "आई, व्यायाम राहिलाय."

"सामना संपू दे."

"सामना बघत दाब."

तिने टॉवेल नीट सरकवून घेतला आणि टीव्हीवरची नजर न हलवता सुरू केलं. ओकटि. रेंडु. मूडु. माझ्या तळव्याखाली मांडी घट्ट झाली, थरथरली, टिकली. ऐदु, आरु. तेवढ्यात एकीने खांबावर सूर मारला, गडी टिपला, आई "आगं बाई" म्हणून उठायलाच निघाली आणि मांडी सैल पडली.

"सहापर्यंतच झाले," मी म्हटलं.

"झाले की दहा."

"नाही झाले."

ती माझ्याकडे बघून हसली, पाठीमागची उशी सारखी केली.

"ओकटि," म्हणाली.