उम्मीद, उमेद आणि उमेदवारी

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द असे भेटतात, की ते जन्मले एका घरात आणि नांदायला गेले दोन वेगळ्या घरांत. फारसीतून आलेला ‘उमीद’ हा त्यांतलाच एक. उर्दूत तो ‘उम्मीद’ झाला, मराठीत ‘उमेद’. वर्गातल्या मुलांना दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. पण उर्दूत उम्मीद बहुधा कुणाकडून तरी ठेवायची असते. ती बांधली जाते आणि तुटते. मराठीतली उमेद माणसाच्या स्वतःच्या अंगात असते. ती खचते, आणि माणूस ती पुन्हा धरतो. मराठीत याच कुळातली ‘उमेदवारी’ही आहे. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र उमेदवारी करणे म्हणजे पगाराची खात्री नसताना एखाद्याच्या हाताखाली राबून काम शिकणे.

हे तीन शब्द मी एका खेळाच्या गोष्टीत एकापाठोपाठ एक पाहिले. खेळ अमेरिकेतला आहे आणि गाव डेट्रॉईट.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर मिशिगन राज्यात गेली. मेहुणे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. भाचा तिथेच जन्मला आणि तिथल्या मुलांप्रमाणे डेट्रॉईट लायन्स या फुटबॉल संघाचा झाला. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे मैदानावर खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो. चेंडू कुणाकडे टाकायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. सारा डाव त्याच्या हातून सुरू होतो. म्हणून संघाला नवा कोच आणि नवा क्वार्टरबॅक एकाच वर्षी मिळणे म्हणजे घराचा पाया आणि छप्पर एकदम बदलण्यासारखे आहे.

लायन्सच्या चाहत्यांची कहाणी ऐकली की आपल्या क्रिकेटमधली दुःखे किरकोळ वाटू लागतात. संघाने शेवटचे अजिंक्यपद मिळवले १९५७ साली. त्यानंतर बाद फेरीतला एक विजय जानेवारी १९९२मध्ये मिळाला, आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ एकही नाही. २००८मध्ये तर सोळापैकी सोळा सामने हरले. दुसऱ्या वर्षी मॅथ्यू स्टॅफर्ड हा गुणी क्वार्टरबॅक आला. बारा हंगाम तो मार खात खेळला, पण बाद फेरीत एकदाही जिंकला नाही. याच काळात शहरही उतरणीला लागले होते. १९५०मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे हे शहर २०२०पर्यंत साडेसहा लाखांच्याही खाली आले. मधेच, २०१३मध्ये, महापालिकेने दिवाळे जाहीर केले. मेहुण्यांच्या कारखान्यातले जुने कामगार म्हणत, शहराचे आणि संघाचे नशीब एकाच पेनाने लिहिले आहे.

२०२१च्या सुरुवातीला स्टॅफर्डला लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाकडे देण्याचे ठरले. बदल्यात पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे हक्क मिळाले, आणि त्यांच्यासोबत जॅरेड गॉफ आला. गॉफ हा २०१६च्या निवडीतला पहिला खेळाडू. रॅम्सला तो अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला होता, पण पुढे त्यांना नकोसा झाला. अनेकांच्या लेखी खरा माल ते हक्क होते. गॉफ म्हणजे भाजीवाली वर टाकते ती कोथिंबीर.

कोच नवा होता, डॅन कॅम्पबेल. २००८च्या त्या सोळा पराभवांच्या संघात हा गृहस्थ खेळाडू म्हणून होता. पहिल्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला, आम्हाला खाली पाडाल तर उठता उठता तुमच्या गुडघ्याचा लचका तोडू. देशभर त्याची टिंगल झाली.

तेव्हा भाचा चौदा वर्षांचा होता. मी विचारले, “काय रे, या वर्षी काय होणार?” तो म्हणाला, “देखते हैं, खाला.” आपल्याकडे शाळेत नवे मुख्याध्यापक आले की स्टाफरूममध्ये हाच सूर असतो, “बघू या.” या दोन शब्दांत आशा असते, पण दाराला कडी लावून ठेवलेली. मेहुण्यांनी त्याला नव्या क्वार्टरबॅकची जर्सी घेऊन दिली नाही. म्हणाले, “आधी एक तरी सामना जिंकू दे.”

पण विजय काही मिळेना. पाचवा सामना शेवटच्या क्षणी हातून गेला, तेव्हा पत्रकारांसमोर कॅम्पबेलचे डोळे भरून आले. पुन्हा टिंगल झाली. भाचा मात्र त्या दिवशी मला म्हणाला, “खाला, इस को सच में दुख हुआ.” नोव्हेंबर संपला तरी खात्यावर एक बरोबरी सोडून काही नव्हते.

३० नोव्हेंबरला डेट्रॉईटच्या उत्तरेला असलेल्या ऑक्सफर्ड गावच्या हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. चार मुले गेली. पुढच्या दिवसांत धमक्या येत राहिल्या म्हणून आसपासच्या कितीतरी शाळा बंद ठेवाव्या लागल्या. बहिणीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती श्वास घेत होती. भाचा शाळेत जायला तयार नव्हता. मी शिक्षिका आहे. वर्गाचे दार हे मुलांना आत घेण्यासाठी असते, असे वीस वर्षे मानत आले. त्या आठवड्यात बहिणीला काय सांगावे हे मला सुचेना.

त्या रविवारी, ५ डिसेंबरला, लायन्सचा सामना मिनेसोटाशी होता. तिकडे दुपारचा एक, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बहिणीने फोन टीव्हीसमोर धरून ठेवला होता. अखेरचे चार सेकंद उरले, लायन्स मागे होते. गॉफने चेंडू फेकला, अमॉन-रा सेंट ब्राऊनने तो झेलला आणि घड्याळ शून्यावर आले. २९-२७. हंगामातला पहिला विजय. सामन्यानंतर कॅम्पबेलने विजयाचा चेंडू ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला आणि गेलेल्या मुलांची नावे घेतली.

एका चेंडूने कुणाचे मूल परत येत नाही. भाच्याची भीतीही त्याने गेली नाही. पण सोमवारी मुलांना एकमेकांशी बोलायला एक विषय मिळाला, जो गोळीबाराचा नव्हता. मेहुण्यांनी आपला शब्द पाळला, जर्सी आली.

तो हंगाम तीन विजयांवर संपला. तिकडे स्टॅफर्ड रॅम्सबरोबर पहिल्याच वर्षी विश्वविजेता झाला. उम्मीद तुटायला एवढे पुरेसे होते. पुढच्या वर्षीही पहिल्या सातपैकी सहा सामने हरले. कोचने ना पद्धत बदलली, ना गॉफला टाकले. हीच उमेदवारी. शेवटी त्या हंगामात नऊ विजय झाले, त्यापुढच्या हंगामात बारा.

मग १४ जानेवारी २०२४. बाद फेरीचा सामना डेट्रॉईटमध्ये, समोर रॅम्स आणि स्टॅफर्ड. इथे सोमवारची सकाळ होती, संक्रांतीचा दिवस. लायन्स २४-२३ने जिंकले. १९९२नंतरचा बाद फेरीतला पहिला विजय. सारे स्टेडियम गॉफच्या नावाचा घोष करत होते. कोथिंबीर म्हणून आलेल्या माणसाचे नाव साठ हजारांहून अधिक माणसे घेत होती. मला माझ्या वर्गातली ती मुले आठवली, जी दुसऱ्या शाळेचा दाखला आणि “हे मूल काही करणार नाही” हा शेरा दोन्ही सोबत घेऊन येतात. शेरा पुसण्याचे काम एका भाषणाने होत नाही. रोज त्याच बाकावर, त्याच मुलाला पुन्हा विचारावे लागते.

अजिंक्यपद अजून आलेले नाही. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ पुढे असून ते ३४-३१ने हरले. पुढच्या हंगामात सतरापैकी पंधरा सामने जिंकले आणि बाद फेरीत पहिल्याच सामन्यात वॉशिंग्टनकडून हरले. वॉशिंग्टनचा कोच त्याच वर्षी आलेला, क्वार्टरबॅक पहिल्याच हंगामात खेळणारा. त्यांच्याही चाहत्यांनी वर्षभर “बघू या” म्हणत दिवस काढले असतील.

त्या पराभवानंतर मी भाच्याला फोन केला. समजूत घालायचे शब्द जुळवून ठेवले होते, त्यांची गरज पडली नाही. तो आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. म्हणाला, “वो लोग अच्छा खेले, खाला.” मग सप्टेंबरमध्ये नवा हंगाम कधी सुरू होतो, ते सांगू लागला.