लंगडणाऱ्या कोंबड्याचे वय

घरातले माणूस आजारी पडले की ते बरे व्हावे म्हणून देवाला कोंबडा बोलायची रीत आपल्याकडे जुनी आहे. खुद्द कोंबडा लंगडायला लागला तर मात्र त्याच्यासाठी कुणी काही बोलत नाही. बोललेच तर एवढे, की आता रविवारपर्यंत थांबू नका. चुलीवर गेला नाही तर हळद-तेल, त्याने भागले नाही तर दुकानातून आणलेली कसलीशी पूड पाण्यात. माझे म्हणणे असे, की या साऱ्या घाईच्या मुळाशी एकच चूक आहे. लंगडणे हाच रोग समजला जातो. खरे तर ते लक्षण आहे, आणि त्याचा अर्थ कोंबड्याच्या वयाबरोबर बदलतो. दहा-बारा दिवसांचे पिल्लू, चार महिन्यांचा तरणा कोंबडा आणि तीन वर्षांचा जड नर तिघेही पाय ओढतात, पण तिघांचे दुखणे वेगळे असते. म्हणून औषध कोणते हे विचारण्याआधी वय किती आणि खातो काय, हे विचारायला हवे.

पिल्लापासून सुरुवात करू. आईमागे उकिरडा उकरत फिरणारे पिल्लू किडे, मुंग्या, कोवळा पाला असे काहीबाही टिपत असते. विकत आणून खोक्यात, बल्बच्या उबेत ठेवलेल्या पिल्लाच्या नशिबी पुष्कळदा नुसत्या तांदळाच्या कण्या येतात. मग त्याची बोटे आत वळायला लागतात आणि ते मुठीवर चालावे तसे चालते. ही 'ब-2' जीवनसत्त्वाची तूट. लवकर भरून काढली तर पिल्लू सावरते, उशीर झाला तर बोटे कायमची वाकडी. कण्यांवर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात, हे तर वैद्यकाच्या इतिहासातले मोठे प्रकरण आहे. 1890 च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधत होता. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लडखडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला पांढरा भात मिळत होता. नव्या आचाऱ्याने लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायचे नाकारले, आणि कोंबड्या उभ्या राहिल्या. आचाऱ्याच्या चिकटपणाने विज्ञानाचे एवढे भले क्वचितच झाले असेल. इथे तूट 'ब-1' जीवनसत्त्वाची होती, जे तांदळाच्या कोंड्यात असते. आयकमनला 1929 मध्ये नोबेल मिळाले. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की उलगडा खाण्याच्या हिशेबात सापडला, औषधाच्या कपाटात नाही.

तरण्या वयात चित्र पालटते. 1907 मध्ये हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी पाय आणि पंख लुळे पडलेल्या चार नर कोंबड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा तो रोग विषाणूचा आहे, हे सिद्ध व्हायला पुढे 60 वर्षे गेली. साधारण दोन ते पाच महिन्यांच्या पक्ष्यात तो जास्त दिसतो. एक पाय पुढे, एक मागे ताणून कोंबडा कुशीवर पडून राहतो. पायाला जखम नाही, सूज नाही, डोळा अजून तरतरीत, दाणे समोर ठेवले तर टिपतो. दुखणे पायात नसतेच, पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूत असते. यावर औषध नाही. लस आहे, पण ती अंड्यातून बाहेर आल्याच्या दिवशी उबवणी केंद्रात टोचतात; घरच्या खुडूक कोंबडीखाली फुटलेल्या पिल्लाला ती मिळत नाही. हे माहीत असेल तर निदान तेलमालीश आणि इंजेक्शने यांत पक्ष्याचे हाल होत नाहीत. पण याच वयात पायाला गुंडाळलेला दोरा किंवा लांब केसही तसाच लंगडवतो, आणि तो कात्रीने कापला की काम झाले. एकीकडे असाध्य रोग, दुसरीकडे वीतभर दोरा. पाय उचलून पाहिल्याशिवाय फरक कळायचा कसा? आणखी एक सूक्ष्म कारण खाद्यात असते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. वाढत्या नराला एक टक्काही पुरते. सगळ्यांना एकाच भांड्यातून खायला घातले, तर जादा कॅल्शियमने त्याचे मूत्रपिंड बिघडू शकते, आणि मग सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साठून पाय सुजतात.

जुना, जड कोंबडा लंगडला तर आधी तळवा बघावा. उंच दांड्यावरून कडक जमिनीवर रोज उडी मारणारा हा प्राणी. बारीक काटा किंवा खडा लागून कातडी फुटते, जंतू आत शिरतात. तळव्याच्या मधोमध हरभऱ्याएवढी काळी, टणक खपली आणि भोवती गरम सूज दिसली, की निदान जवळपास झालेच. इथे माणसाच्या गळवाचा अनुभव उपयोगी पडत नाही. पक्ष्याचा पू वाहत नाही, तो पनीरासारखा घट्ट साकळतो, त्यामुळे पिळून निघत नाही. पिळले तर उलट खोल जातो. सुरुवातीचे दुखणे कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवणे, पोव्हिडोन आयोडीन, जाडसर पट्टी, खाली तुसाचे कोरडे अंथरूण आणि दांडा फूटभर उंचीवर आणणे एवढ्याने आटोक्यात येऊ शकते. खोल गेलेले पशुवैद्यानेच कापावे. पायाचे खवले उचललेले, खडबडीत, चुना फासल्यासारखे दिसले, तर मात्र तेथे सूक्ष्म माइट असतात. ते खवल्यांखालीच जन्म काढतात, म्हणून तेलाचा किंवा व्हॅसलिनचा जाड थर काही आठवडे लावत राहिले, की गुदमरून मरतात. आजीचे तेल इथे खरोखर औषध ठरते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की पाच-सातशे रुपयांच्या कोंबड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? कापावा, संपले. काटा रुतलेला कोंबडा खाल्ला तर माझी हरकत नाही. पण तो मानमोडीने, म्हणजे राणीखेतने, पाय ओढत असेल, तर त्याची पिसे आणि आतडी परसात पडली, की विषाणू शेजारच्या खुराड्यापर्यंत पोचतो. हिरवी पातळ विष्ठा, वाकडी मान, धाप अशी लक्षणे लंगडण्याबरोबर असतील, तर एका कोंबड्याची किंमत मोजण्यात अर्थ नाही. दुकानातून आणलेली ती पूडही स्वस्त नाही. ती सगळ्यांच्या पाण्यात जाते, तिथून अंड्यात. माणसाच्या उपचारात शेवटचा आधार मानलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविकही कोंबड्यांच्या औषधांत वापरले जात असे, आणि 2019 मध्ये केंद्र सरकारला अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत ते बंद करावे लागले.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घरी बसून नक्की निदान होतच नाही. खरे आहे. मारेकच्या रोगाची खात्री पुष्कळदा शवविच्छेदनातच होते. परंतु घरच्या पाहणीचे काम खात्री करणे हे नाहीच. दोरा, खपली आणि खवले बाजूला काढून उरलेला पक्षी इतरांपासून वेगळा ठेवणे आणि जनावरांच्या दवाखान्यात नेणे, एवढेच आहे. दोन-तीन दिवसांत एकापाठोपाठ एक पक्षी मरू लागले, तर एकालाही हात न लावता दवाखान्याला कळवावे. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. एरवी, दिवेलागणीनंतर कोंबडा दांड्यावर शांत बसला की विजेरी घ्या, पंख दाबून त्याला काखेत धरा, आणि आधी न दुखणारा पाय पाहा. दुखऱ्या पायात काय बदलले ते त्याच्याशी ताडूनच कळते.