दुपारी मान टाकणारं झाड

माझ्या हातून एक झाड मेलं आहे. पाणी न घालून नव्हे, पाणी घालून घालून!

आमचं गाव मोताळा. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालात की राजूरचा घाट उतरल्यावर लागतं. वर बुलढाण्याला जरा तरी गार वारा असतो. खाली आमच्याकडे मात्र मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवून दाखवा, बक्षीस देईन.

मी सातवीची परीक्षा दिली होती. साताऱ्याची आत्या एका लग्नाला आली आणि ताईसाठी महाबळेश्वरहून हायड्रेंजियाचं झाड घेऊन आली. तळहाताएवढी दातेरी पानं आणि मधोमध निळ्या फुलांचा एकच झुपका, चांगला नारळाएवढा! ताईनं तेलाच्या रिकाम्या डब्यात शेतातली काळी माती भरून ते लावलं. पण तिला महिनाभर अकोल्याला मावशीकडे राहायला जायचं होतं. जाताना मला म्हणाली, "फक्त पाणी घाल. एवढं तरी जमेल ना तुला?"

ते 'एवढं तरी' मला चांगलंच झोंबलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पाहतो तर झाडानं मान टाकलेली. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी धावत जाऊन दोन तांबे पाणी ओतलं. संध्याकाळी पानं पुन्हा ताठ! मी खूश. मग रोज तेच. सकाळी दोन तांबे, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. नळाला तेव्हा चार-चार दिवस पाणी नसे. मी माझ्या आंघोळीतलं अर्धं पाणी झाडाला देत होतो. आई म्हणायची, "काय पोरगं आहे! झाडासाठी बिनआंघोळीचं राहतंय." (आंघोळ बुडते याचाही आनंद होता, ते सोडा.)

बाराव्या-तेराव्या दिवशी पानं संध्याकाळीही उठली नाहीत. मी पाणी वाढवलं. खालची पानं पिवळी पडली, निळा झुपका तपकिरी झाला.

आजी जळगाव जामोदच्या लग्नाहून परतली ती थेट डब्यापाशीच आली. तिनं मातीत दोन पेरं बोट खुपसलं, बाहेर काढून वास घेतला आणि डबा तिरपा केला. आंबूस वासाचं काळं पाणी भळभळ बाहेर आलं.

"अबे, याच्या बुडाले भोकच नाई! झाडाले बुडवलं तुनं."

"पण आजी, दुपारी ते सुकत होतं ना!"

"दुपारी मान खाली ते ऊन. सकाळी मान खाली ते तहान. झाडाकडं सकाळी पाहावं लागते, अन् मातीत बोट घालून पाहावं लागते."

पुढे शाळेत शिकलो तेव्हा आजीच्या बोलण्याचा उलगडा झाला. पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. रणरणत्या उन्हात ती इतकी भराभर जाते की माती ओली असली तरी मुळांना तेवढं पाणी वर चढवता येत नाही. पान सैल पडतं. ऊन उतरलं की आपोआप उभं राहतं. म्हणजे मी तांबे ओतले नसते तरी ते उठलंच असतं! कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं, अशातला माझा प्रकार. शिवाय मुळांना हवाही लागते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, तिच्यात हवेला जागा उरत नाही. मुळं कुजली. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येईना. बिचारं झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मेलं.

हायड्रेंजिया या नावात ग्रीक भाषेतले पाणी आणि भांडं असे दोन शब्द आहेत. ते खूप पाणी पितं म्हणून नव्हे, तर त्याच्या बोंडाचा आकार घागरीसारखा असतो म्हणून. महाबळेश्वरच्या आम्लधर्मी तांबड्या मातीत त्याची फुलं निळी होतात. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत जगलं असतं, तर पुढची फुलं गुलाबी आली असती.

ताई आली. मला एक शब्द बोलली नाही. डबा घासला आणि न्हाणीमागे पालथा घालून ठेवला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मृगाचा पाऊस पडला तशी आजीनं तिचा मोगरा माझ्या हवाली केला. न्हाणीच्या मोरीपाशी होता तो. 1972 च्या दुष्काळात तिनं तो राखेनं घासलेल्या भांड्यांच्या विसळवणीवर जगवला होता. आता तो माझ्यासारख्याच्या हातात! पावसाळ्यात त्याला एक थेंबही घालायचा नव्हता, उलट बुंध्याशी साचलेलं पाणी चर खणून बाहेर काढायचं होतं. दसऱ्यानंतर आठवड्यातून एकदा पाणी. आणि दिवाळी झाल्यावर आजी म्हणाली, "आता पानी बंद."

पानं पिवळी पडून गळू लागली. माझा जीव वरखाली. एका रात्री मी गुपचूप तांब्या भरून बाहेर आलो. ओतणार तोच बोट आठवलं. मातीत खुपसलं. वर कोरडी, पण दुसऱ्या पेराशी गार ओल लागली. तांब्या तसाच परत माठावर ठेवला.

विदर्भातले संत्रावाले बागेला पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. ताणामुळे झाडाची वाढ थांबते, ते विसावा घेतं. जानेवारीत आजीनं मोगरा छाटला, आळं खणून शेणखत घातलं आणि मग म्हणाली, "आता पाज पोटभर." पंधरवड्यात कोंबच कोंब! मोगरा फुलतो तो या नव्या कोंबांवरच.

हायड्रेंजियाला मात्र असला ताण चालत नाही. त्याच्या पुढच्या वर्षाच्या कळ्या पावसाळा सरल्यावर जुन्या फांद्यांच्या टोकाशी धरतात. तेव्हा तो कोरडा पडला तर पुढच्या वर्षी नुसती पानंच. पुण्या-नाशकाकडे कुणाकडे असेल तर कुंडीला भोकं हवीत आणि दुपारी सावली हवी. सकाळी खालून निथळेपर्यंत सावकाश पाणी घाला, मग वरची माती सुकेपर्यंत थांबा. हिवाळ्यात पाणी कमी करा, पण मातीला भेगा पडू देऊ नका.

पाडव्याला ताई घरी आली तेव्हा मोगरा पांढराशुभ्र झाला होता. ती फुलांकडे गेलीच नाही. उकिडवी बसली, मातीत दोन पेरं बोट घातलं, हात झटकला. मग न्हाणीमागे जाऊन तो पालथा डबा घेऊन आली.

"खिळा-हातोडी कुठंय रे?" तिनं विचारलं. "याच्या बुडाला चार भोकं पाडून दे."