प्रसाद नव्हे ते

मुलचेरा,
५ डिसेंबर

चि. बेबीस,


तुझा फोन आला तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि मी अंगणात धानाच्या पोत्यांवर ताडपत्री ओढत होते. धड बोलता आलं नाही. तूही शेजारच्या खोलीत सासूबाई असल्यासारखी कुजबुजत होतीस. म्हणून सावकाश लिहिते.

तर चौथीतल्या आपल्या लेकीला नाताळाच्या नाटकात मरियम केलंय आणि घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, आज मरियम, उद्या काय? जावईबापू म्हणतात, होऊ दे, स्टेजची भीती जाईल, इंग्रजी सुधारेल. मला दोघांचंही पटलं नाही. जावईबापूंचं तर मुळीच नाही.

नाटकाचं काय घेऊन बसलीस? आपण झाडीपट्टीची माणसं. इथे दिवाळी सरली की गावोगाव नाटकं लागतात. रात्रभर रावण झालेला माणूस सकाळी विळा घेऊन बांधावर जातो, त्याला कुणी लंकेला जा म्हणत नाही. आणि मरियम काही एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. कुराणात एक अख्खा सूरा तिच्या नावाचा आहे. सासूबाईंना एवढंच सांग की पोर एका आईचं काम करतेय.

पण फोन ठेवता ठेवता तू हळूच जे विचारलंस, खरा प्रश्न तो आहे. महिन्यातून एकदा सगळ्या वर्गाला चर्चमध्ये नेतात, तिथे ती रांगेत उभी राहिली तर? बेबी, ती रांग मला चांगली ठाऊक आहे.

तुझे काका वनखात्यात, दर तीन वर्षांनी बदली. मोठा पाचवीत गेला तेव्हा, १९९४ साली, त्याला आम्ही मिशनच्या शाळेत वसतिगृहात ठेवलं. खरंखुरं कॉन्व्हेंट. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे सरस्वतीचं नाव लावलेल्या इंग्रजी शाळेलाही लोक कॉन्व्हेंटच म्हणतात. तिथल्या सिस्टर आणि फादर केरळचे. केरळचेच का, हे मला फार उशिरा कळलं. कॅथॉलिकांमध्येही निरनिराळ्या परंपरा आहेत. आपल्या भागात १९६२ साली चर्चचा जो वेगळा प्रांत झाला, तो केरळच्या सिरो-मलबार परंपरेकडे सोपवलेला. त्याचं नाव अजून ‘चांदा’च आहे. गावाचं चंद्रपूर झालं. जुनं नाव राहिलं ते चांदा फोर्ट स्टेशनाला, दारूगोळ्याच्या कारखान्याला आणि या चर्चला. या परंपरेत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ‘कुर्बाना’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुर्बानी समजून दचकले होते. शब्द मुळात एकाच घराण्यातले, हेही मागाहूनच कळलं.

पहिल्याच महिन्यात मी त्याला भेटायला गेले, रविवार होता. उपासना चालू होती म्हणून मागच्या बाकावर बसले. शेवटाकडे मुलं रांगेने पुढे जाऊ लागली आणि आमचं ध्यानही निघालं. मी पाहतेय, त्याने उजवा हात पुढे केला, तळवा खोलगट, खाली डावा हात टेकू म्हणून. तीर्थ घेताना आजीने शिकवला होता तसा. फादरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या मुलाकडे वळले. हा तसाच उभा. हात रिकामा. मागच्याने ढकललं तेव्हा हलला.

बाहेर आल्यावर रडला. “आई, सगळ्यांना दिला. मलाच नाही दिला.”

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. आपण सत्यनारायणाला दारावरून जाणाऱ्या पोस्टमनलाही हाक मारून द्रोण हातात देतो. कलावतीची गोष्ट ऐकत लहानाच्या मोठ्या झालो आपण. प्रसाद न घेता धावली आणि नवऱ्याची नाव बुडाली. प्रसाद नाकारू नये आणि कुणाला वगळूही नये, याहून जास्त धर्म मला तरी कुणी शिकवला नाही. मी तरातरा सिस्टरकडे गेले. वयस्कर होत्या, मराठी मोडकी. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, “बाई, ते प्रसाद नाही. गोड खाऊ नाही. ती सही आहे.” मग समजावलं. त्यांच्या श्रद्धेने ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीरच. ती घेणं म्हणजे मी या मंडळीतला, असं सगळ्यांसमोर कबूल करणं. त्यांच्या स्वतःच्या मुलांनाही आधी शिकवणी होते आणि मगच मिळते. त्या दिवशी घरी लग्नघरासारखी गडबड असते. “तुमच्या मुलाकडून न विचारता सही घेतली तर तुम्ही मला काय म्हणाल?” असं त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही, पण राग काही गेला नाही.

तो घालवला आमच्या शेजारणीने. माडिया बाई, शाळेची पायरी न चढलेली. मी तणतणत सांगितलं तर हसायलाच लागली. “आमच्यात बी तसंच हाये जी. आमच्या पेनाले, देवाले देल्लेलं दुसऱ्या देवाचा माणूस खात नाही. सोयरा असला तरी नाही. त्याले आमी येगळं रांधून वाढतो, पोटभर.” तुला माहीतच आहे, इकडे गोंडांमध्ये चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे गट असतात. देव आपल्या घराण्याचा, त्याचं जेवणही घराण्याचं. त्यात पाहुण्याचा अपमान नसतो. पाहुण्याचं ताट वेगळं असतं, इतकंच. इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मला जे दिसलं नव्हतं ते तिने चूल फुंकता फुंकता सांगितलं.

पुढच्या वर्षीची गंमत सांगते. १९९५ ची महाशिवरात्र सोमवारी आली, २७ फेब्रुवारीला. मार्कंड्याच्या जत्रेला न्यायचं म्हणून सकाळीच वसतिगृहावर गेले, तर पोराच्या कपाळावर राखेचा क्रूस. त्यांचा उपवासाचा काळ त्याच दिवशी सुरू झाला होता. इतर कॅथॉलिकांत तो बुधवारी लागतो, या केरळी परंपरेत सोमवारी. माणूस मातीचा आहे ही आठवण म्हणून राख. “हवी का, असं सिस्टरने विचारलं, मी हो म्हटलं,” तो म्हणाला. मल्याळीत त्या राखेला काय म्हणतात ठाऊक आहे? विभूती. एस.टी.त शेजारच्या म्हातारीने त्याच्या कपाळाकडे पाहून मला विचारलं, “दर्शन करून आले का जी?” मी “जाऊन राहिलो” म्हटलं. वैनगंगेत अंघोळ करताना ती राख धुतली गेली आणि देवळातून निघताना दुसरी लागली.

म्हणजे राख चालते, गाणं चालतं, मेणबत्ती, नाटक, हात जोडून उभं राहणं, सगळं चालतं. फक्त ती रांग नाही. लेकीला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे तिचा हात रिकामा राहणार नाही. पाहुणी म्हणून बस म्हणावं, आणि पाहुणीसारखी नीटही बस, खिदळायचं नाही.

सक्ती मात्र सोसू नकोस. धाकट्याच्या वेळी दुसऱ्या गावी एक शाळा भेटली होती, नाव घेत नाही. तिथे चर्चची हजेरी घेत आणि गैरहजर राहिलं की मूल्यशिक्षणाचे गुण कापत. मी संविधानाचं पुस्तक घेऊनच गेले होते. कलम २८, पोटकलम ३: सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या शाळेत मुलाला उपासनेला बसवायचं तर पालकाची संमती लागते. कलम ३० ने त्यांना शाळा चालवायचा हक्क दिला, २८ ने आपल्याला नाही म्हणायचा. आता तर त्यांच्याच धर्मगुरूंच्या अखिल भारतीय परिषदेने २०२४ च्या एप्रिलमध्ये शाळांना कळवलंय की आपल्या परंपरा इतर धर्मांच्या मुलांवर लादू नका, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणा. तेव्हा भांडायला जाऊ नकोस, नुसतं विचार. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागतं.

जावईबापूंचं का पटलं नाही, तेही लिहून टाकते. इंग्रजीसाठी येशू सोसायचा, फीच्या पावतीवरच्या किरकोळ रकमेसारखा, हे मला ओंगळ वाटतं. शाळेत डोळे मिटायचे आणि घरी येऊन नक्कल करून हसायचं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. पोरांना ते लवकर जमतं, फार लवकर. त्यापेक्षा सासूबाईंचा उघड विरोध बरा. त्या निदान त्या प्रार्थनेला काही वजन आहे असं मानतात.

इथे सुंदरनगरच्या बंगाली पोरांना नाताळाचं काहीच अप्रूप नाही. त्यांच्या भाषेत २५ डिसेंबर म्हणजे ‘बोडोदिन’, मोठा दिवस. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या त्यांच्या आज्यांनी तो शब्द सोबतच आणला. त्यातली एक काकीमा परवा सांगत होती, बेलूर मठात आदल्या संध्याकाळी येशूची तसबीर मांडतात, पूजा होते, केकचा नैवेद्य दाखवतात. “आणि तो केक सगळ्यांना वाटतात बरं,” ती मुद्दाम म्हणाली. तिला आमच्या मोठ्याची गोष्ट ठाऊक आहे.

साडीचं विचारलं होतंस. मरियमला निळी लागते. माझी लग्नातली निळी पेटीत आहे, किनार थोडी उसवलीय, ती आत दुमडून टाचलीस तर दिसणार नाही. सोमवारी काका आलापल्लीला जातायत, तिथून नागपूरच्या गाडीत कंडक्टरजवळ देतील. कापू नकोस. पोर लहान आहे, निऱ्या जास्त घाल.

तुझी,
मावशी