तोंडावर बोलणारी

तिचा जन्म 1968चा. सगळं बोलणं जेमतेम बारा-तेरा मिनिटांचं, पण पहिल्याच वाक्याला ती सांगून टाकते: माझी येशू ख्रिस्तावर श्रद्धा आहे. तेही लॅटिनमध्ये, अख्ख्या गायकवृंदाच्या आवाजात. सोव्हिएत अमलाखालच्या एस्टोनियात असं बोलायची सोय नव्हती. तिचं नाव ‘क्रेडो’.

तिचे जन्मदाते संगीतकार आर्वो पॅर्ट. पण हाताला धरून तिला लोकांसमोर आणलं नेमे यार्वींनी, 16 नोव्हेंबर 1968 रोजी, टालिनमध्ये. यार्वी तेव्हा एकतीस वर्षांचे, रेडिओच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. रचना कितीही धीट असो, संचालकाचा हात वर गेल्याशिवाय ती कागदावर मुकीच. म्हणून त्या संध्याकाळचं निम्मं धाडस मी यार्वींच्या नावावर मांडते.

तिचं आजोळ बाखचं. पियानोवर त्याचं सी मेजरमधलं प्रिल्यूड उमटतं, निवांत, घरच्यासारखं. मग डोळ्याला डोळा, दाताला दात हा जुना न्याय निघतो आणि तिचा तोल सुटत जातो. सुरावर सूर चढतात, बाराही स्वर एकमेकांवर आदळतात, माणसं गायची सोडून ओरडू लागतात. ऐकताना माझ्या छातीत दर वेळी धडधडतं. त्या कल्लोळातूनच बाख परत येतो, आणि दुष्टाला दुष्टाव्याने उत्तर देऊ नये, हे तिचं म्हणणं पटायला लागतं. श्रद्धेचा तोच शब्द शेवटी ती अगदी हळू उच्चारते. मला ती सर्वांत खरी तिथे वाटते.

तिच्यावर बंदी आली. पॅर्ट जवळजवळ गप्पच झाले. मधेच 1971मध्ये लिहिलेली तिसरी सिंफनी त्यांनी यार्वींना अर्पण केली. त्याच वर्षी यार्वी रोमची संचालन स्पर्धा जिंकले. पण मायदेशात कोणतं संगीत वाजवायचं, हे दुसरंच कुणी ठरवणार असेल, तर त्या यशाचं करायचं काय? जानेवारी 1980मध्ये बायकामुलांसह त्यांनी देश सोडला. थोरला पावो तेव्हा सतरा वर्षांचा. पुढे तोही संचालक झाला, धाकटा क्रिस्टियानही. यार्वींनी स्वीडनमधला गोथेनबर्गचा वाद्यवृंद 22 वर्षं सांभाळला, अमेरिकेत डेट्रॉइटचा 15 वर्षं, आणि चारशेहून अधिक ध्वनिमुद्रणं केली.

त्यांतलं एक ‘क्रेडो’चं. एस्टोनिया स्वतंत्र झाल्यावर, लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदासोबत.

2010मध्ये, 73व्या वर्षी, ते टालिनच्या त्याच वाद्यवृंदाचे पुन्हा प्रमुख झाले. तिला पहिल्यांदा ज्याने वाजवलं होतं, तो हाच.